एकाच घरातले तीन चौकोन

गेली काही वर्षं मी माणसांना छातीपासून वर ओळखते. परवा भाजीबाजारात एक गृहस्थ हात जोडून समोर उभे राहिले. "ओळखलं का मॅडम?" मी नुसती बघत राहिले. मग ते बिचारे जरा वाकले, चेहरा माझ्या डोळ्यांसमोर आणून थोडा तिरका केला, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. कित्येक महिने दर बुधवारी मी या माणसाला बायकोशी कसं वागावं ते शिकवलं होतं, पण त्याला पाय आहेत हे त्या दिवशी कळलं. बायको शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "बघा ना, अजून पिशव्या मीच उचलते." म्हणजे माझ्या शिकवणीचा निकालही जागच्या जागी लागला.

मी कौटुंबिक समुपदेशक आहे. आधी शाळेत मुलांसाठी होते, मग नाशकात द्वारका चौकाजवळ एका फरसाणाच्या दुकानावर खोली घेतली. लोक जिना चढताना चोरासारखे इकडेतिकडे बघायचे आणि कुणी ओळखीचं दिसलं की पावशेर शेव घेऊन परत जायचे. त्या दुकानदाराची भरभराट माझ्यामुळे झाली, असं माझं प्रामाणिक मत आहे. पुढे सगळं जग घरात कोंडलं गेलं, खोली सुटली आणि मी लॅपटॉपसमोर बसले ती बसलेच.

आमच्या धंद्यात औषध नाही, इंजेक्शन नाही, मशीन नाही. समोरच्यानं बोलायचं, आपण ऐकायचं, आणि मधूनच असा प्रश्न विचारायचा की त्याचं बोलणं त्याच्याच कानावर पडावं. एवढंच. यासाठी दोन पदव्या कशाला लागतात, असं माझे यजमान विचारतात. ते बँकेतून निवृत्त झालेत. काउंटरच्या आतल्या माणसानं बाहेरच्याचं ऐकायचं असतं, हेच त्यांना मुळात मान्य नाही.

ऑनलाइनमुळे सगळं सोपं झालं, असं लोकांना वाटतं. झालं ना! पूर्वी माणूस एकटा जिना चढून यायचा, आता त्याच्याबरोबर अख्खं घर येतं. सून बोलत असते आणि मागे दाराच्या पडद्याखाली सासूची पावलं दिसत असतात. "तुम्ही एकट्याच आहात ना?" म्हटलं की सून "हो" म्हणते आणि पावलं एक पाऊल मागे सरकतात. ज्यांना खरंच एकटं बोलायचं असतं ते खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसतात. तीन खोल्यांच्या घरात माणसाला हक्काची जागा म्हणजे ड्रायव्हरची सीट. गाडी जागची हलत नसताना सीटबेल्ट लावून रडणारी माणसं मी पाहिलीत.

आणि पालक! आईबापांना मूल म्हणजे मिक्सर वाटतो. बिघडला, टाका दुरुस्तीला. संध्याकाळपर्यंत चालू करून द्या. दुरुस्तीवाल्यानं मात्र "यात तुम्ही काय काय घातलं होतं?" असं विचारायचं नाही. विचारलं की ते दुसरा दुरुस्तीवाला शोधतात.

पंचवटीतले एक गुरुजी होते, यात्रेकरूंचे विधी करणारं घर. माझी वेळ ते पंचांग बघून घ्यायचे. राहुकाळ नको, अमावास्या तर नकोच. तक्रार अशी की पाच वर्षांचा मुलगा मोबाइल समोर असल्याशिवाय घास घेत नाही. त्यावर उपाय विचारायला ते त्याच मोबाइलवरून यायचे, आणि साहजिकच तो मुलगा माझ्यासमोर बसून मलाच बघत वरणभात खायचा. तिसऱ्या बैठकीनंतर गुरुजींच्या पत्नी अगदी आनंदानं म्हणाल्या, "मॅडम, कार्टून सुटलं बघा! आता तुम्ही रोज जेवायच्या वेळेला थोडा वेळ येत जाल का?" इतकी वर्षं अभ्यास करून मी कार्टूनच्या जागी लागले होते.

असो. हे सगळं तोंडी लावायला झालं. मला सांगायचंय ते देवळ्याकडच्या एका घराचं. तिघांना विचारून लिहितेय, नावं बदललीत. घरातले कर्ते पुरुष म्हणाले, "लिहा बिनधास्त, फक्त गाव सांगू नका." देवळा तालुक्यात गावं काय कमी आहेत? शोधत बसा.

हे कर्ते पुरुष म्हणजे नानासाहेब, कांद्याचे आडते. ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. शेतकरी कांदा आणतो, व्यापारी घेतो, आणि दोघांच्या मध्ये जो उभा असतो तो आडत्या. याचं म्हणणं त्याला गोड करून सांगायचं, त्याचं याला. दोघं एकमेकांच्या तोंडी लागले तर सौदा मोडतो. शिवाय नानासाहेबांचं स्वतःचं खळं होतं, म्हणजे कांदा पसरून निवडायची जागा. पत्नी सुरेखाताई आणि एकुलती मुलगी प्रणाली, बारावीतली.

पहिला फोन सुरेखाताईंचा. "मॅडम, आमच्या घरात बापलेक एकमेकांशी बोलत नाही. दोन वर्षं झाली. तुम्ही काहीतरी करा."

गुरुजींना अमावास्या वर्ज्य होती, तर नानासाहेबांना अमावास्येशिवाय निवांत वेळ नव्हता, कारण त्या दिवशी लिलाव बंद. नाशिक जिल्ह्यात सगळ्यांना सांभाळून धंदा करायचा म्हणजे घरात पंचांग लागतंच. तर अमावास्येच्या दुपारी माझ्या पडद्यावर तीन चौकोन उघडले. एकात नानासाहेब, पुढच्या खोलीत, मागे भिंतीवर सत्काराचे फोटो. एकात प्रणाली, तिच्या खोलीत. एकात सुरेखाताई, स्वयंपाकघरात, मागे कुकर. एकच घर, एकच वायफाय, मध्ये दोन दरवाजे, आणि तिघं नाशिकमार्गे भेटत होते.

"नानासाहेब, मुलीशी शेवटचं कधी बोललात?"

"रोजच बोलतो की. हिच्या थ्रू."

"थ्रू म्हणजे?"

"म्हणजे मी हिला सांगतो, ही तिला सांगती. ती हिला सांगती, ही मला सांगती. तशी काय अडचण नाय."

अडचण नव्हती म्हणूनच ते माझ्याकडे आले होते, उघड आहे. मी म्हटलं, आता तिघंही समोर आहात, तर तिला काहीतरी विचारा बघू. नानासाहेबांनी घसा साफ केला.

"सुरेखा, तिला विचार, बसचा पास संपला का."

प्रणालीनं ऐकलं. तिच्या चेहऱ्यावरची माशीसुद्धा हलली नाही. स्वयंपाकघरातून सुरेखाताई म्हणाल्या, "प्रणू, पप्पा विचारता, पास संपला का?"

"सांग त्यांना, मी माझं बघून घेईन. काळजी करायची गरज नाही."

"ती म्हणते, पप्पा, तुम्ही काळजी करू नका, मी बघते."

"हां," नानासाहेब समाधानानं म्हणाले. "काळजी नको म्हणती."

मूळ वाक्य तिघांच्याही कानावर पडलं होतं, पण त्या घरात सुरेखाताईंचा शिक्का बसल्याशिवाय वाक्य चलनात येत नव्हतं. नानासाहेबांची आडत गावाला माहीत होती. त्याहून मोठी आडत त्यांची बायको स्वयंपाकघरात बसून चालवत होती आणि यांना पत्ताच नव्हता!

मग मी तिघांशी वेगवेगळं बोलायचं ठरवलं. यात आमचा एक कडक नियम असतो. एकानं खासगीत सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही. आईचं बापाला नाही, बापाचं लेकराला नाही. ज्याचं त्यानं सांगावं. ऐकायला फार सुंदर वाटतो हा नियम. पाळायला लागलं की कळतं.

आधी प्रणाली. ती पहिल्यांदा तुटक बोलली, पण खळ्याचा विषय निघाला आणि पोरगी वाहायलाच लागली. लहानपणापासून शाळा सुटली की ती दप्तर घेऊन खळ्यावर जायची. एका क्रेटवर बसून अभ्यास करायची आणि बापाचं बघून बघून कांदा शिकली. ढिगात हात घालून सांगायची, "पप्पा, वरती चांगला लावलाय, खाली सगळी गोल्टी हाय." गोल्टी म्हणजे बारका कांदा. बाप मोठमोठ्या व्यापाऱ्यांसमोर म्हणायचा, "आमच्या साहेबांना विचारा आधी."

"मग?"

"मग दहावीत गेले आणि पप्पांनी सांगितलं, आता मोठी झाली, खळ्यावर यायचं नाही. तेही मम्मीकडून. मॅडम, मला तोंडावर सांगितलं असतं ना, मी ऐकलं असतं. माझ्याशी बोलायची पण लाज वाटली त्यांना?"

तिनं कॅमेरा बंद केला. नुसतं नाक ओढल्याचा आवाज येत राहिला.

मग नानासाहेब. ते खळ्यावरून बोलत होते. मागे बाया कांदा निवडत होत्या आणि ते फोन तोंडाजवळ धरून कुजबुजत होते. "मॅडम, पोरगी हिला म्हणली, मला खळ्यावर यायची लाज वाटती. कपड्यांना कांद्याचा वास येतो, मैत्रिणी हसता. आता काय बोलायचं? ज्या कांद्यावर वाढली, त्याचाच वास येतो. म्हटलं, नको येऊ. माझ्याशी बोलली तर माझाही वास येईल." मग म्हणाले, "तिचं क्रेट अजून तिथंच हाय. मी कुणाला बसू देत नाय त्याच्यावर."

दोन वाक्यं. बाप म्हणतो येऊ नको. पोरगी म्हणते लाज वाटते. दोन्ही वाक्यं एकाच बाईच्या तोंडून निघालेली. हे ओळखायला पदवी लागत नाही, माझ्या यजमानांनाही जमलं असतं.

सुरेखाताईंना मी फक्त विचारलं, "ताई, खळ्याचं नेमकं काय झालं होतं?" त्यांनी गॅस बंद केला, स्वयंपाकघराचं दार लोटलं आणि पदर तोंडाला लावून बसल्या.

"माझी जाऊ हळदीकुंकवाला चार बायांत बोलली, मोठी झालेली पोरगी बाप्यांच्यात जाऊन बसते, उद्या स्थळ कोण आणेल. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीला सरळ सांगितलं असतं तर ती ऐकली नसती. ह्यांना सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, बोलू दे लोकांना. म्हणून मग तिला सांगितलं, पप्पा नको म्हणता. आणि ह्यांना सांगितलं, तिला लाज वाटते. मला वाटलं, चार दिवस रुसतील, मग विसरतील. दोघं एकाच मातीचे, मॅडम. कुणी विसरलंच नाही."

आता यात सुरेखाताई एकट्या आहेत का? "तुझ्या बाबांना चालणार नाही", "थांब, पप्पांना सांगते", "बाबा रागावलेत" या तीन वाक्यांवर महाराष्ट्रातली कैक पोरं वाढलीत, आणि बाप बिचारा तिकडे चहा पीत बसलेला असतो. आपल्याकडे निम्मे बाप स्वतः न दिलेल्या हुकमांबद्दल बदनाम आहेत. मीही माझ्या मुलाला हेच सांगून वाढवलं. फरक इतकाच की माझ्या घरातल्या दोघांना एकमेकांवर रुसायला वेळ नव्हता.

"मग आता सांगून टाका," मी म्हटलं. "वाईट वाटेल, रागावतील, पण सुटेल."

"सांगेन ना. थोडं थांबा."

"आणि ताई, तुम्ही इतक्या दमलेल्या का दिसता?" पडद्यावर सगळेच थोडे फिकट दिसतात, पण ही बाई वाक्यावाक्याला धाप टाकत होती.

"ते काही नाही. पिशवीत गाठ आहे. अंगावरून फार जातं. डॉक्टर म्हणता, पिशवी काढून टाका."

"कधी म्हणाले?"

"झालं असेल वर्ष."

"वर्ष?" मी मोठ्यानं ओरडले. पलीकडच्या खोलीतून यजमानांनी "काय झालं?" म्हणून विचारलंसुद्धा. "आणि नानासाहेबांना माहीत नाही?"

"माहीत आहे. मी सांगितलं ना, डॉक्टर म्हणाले घाई नाही म्हणून."

म्हणजे डॉक्टरचं वाक्यसुद्धा गोड होऊन पलीकडे गेलं होतं. मी विचारलं, का? बाई, का? त्या ओटा पुसायला लागल्या.

"मी आठ-दहा दिवस दवाखान्यात गेले की घरात हे दोघंच राहणार. मग त्यांना एकमेकांशी बोलावं लागेल."

"मग चांगलंच आहे की!"

"बोलले तर कळेल ना, मॅडम."

समुपदेशकानं तटस्थ राहावं, असं आमच्या पुस्तकांत लिहिलेलं असतं. पुस्तकं लिहिणाऱ्यांना सुरेखाताई भेटलेल्या नसतात. मला असा संताप आला, असं रडू आलं, आणि दोन्ही दाबून चेहरा समजूतदार ठेवायचा, याला खरी पदवी लागते. एक बाई स्वतःच्याच घरात दोन माणसं बोलतील या भीतीनं अंगातलं रक्त जाऊ देत होती. मी म्हटलं, "सुरेखाताई, तुमचं ते खोटं मी कुणाला सांगणार नाही, ते तुमचं आहे. पण तुमच्या जिवाचं मी झाकून ठेवणार नाही. उद्याच्या उद्या डॉक्टरकडे जा."

"उन्हाळ कांदा एकदा निघू द्या."

"तो निघाला की?"

"मग साठवणीच्या चाळीत भरायचा असतो."

"तो भरला की?"

"मग पावसाळी रोपं..."

कांदा कधी थांबत नाही, हे मला तेव्हा कळलं. मी त्यांना निक्षून सांगितलं, येत्या अमावास्येला तिघं समोर असताना मी तुम्हाला विचारणार, डॉक्टर नेमके काय म्हणाले. तुम्ही सांगितलं तर उत्तम, नाहीतर मी सांगेन. दरम्यान रोज फोन करून "गेलात का?" विचारत राहिले, आणि रोज "उद्या नक्की" ऐकत राहिले.

अमावास्या आली. तीन चौकोन उघडले. नानासाहेब सत्कारांसमोर, प्रणाली तिच्या खोलीत, सुरेखाताई कुकरसमोर. कसे आहात वगैरे झालं आणि मी म्हटलं, "ताई, तुम्ही काहीतरी सांगणार होतात. डॉक्टरांबद्दल."

सुरेखाताईंनी तोंड उघडलं. "डॉक्टर म्हणाले..." एवढंच बोलल्या. मग त्यांचा चौकोन कलला, भांड्यांचा खळ्ळकन आवाज झाला, आणि पडद्यावर नुसता छताचा पंखा दिसायला लागला. गरगर फिरणारा.

आणि पुढं काय झालं म्हणता? नानासाहेब आपल्या चौकोनातून मला ओरडले, "मॅडम! मॅडम, हिला काय झालं?" प्रणाली आपल्या चौकोनातून मला ओरडली, "मॅडम, मम्मी दिसत नाहीये! मॅडम, बघा ना!"

मी बघू? मी नाशकात, इंदिरानगरात! ती बाई त्यांच्या एका दरवाज्यापलीकडे पडली होती, आणि नवरा आणि मुलगी मला विचारत होते. सवय अशी लागलेली की संकटातही आधी मधल्या माणसाला हाक मारायची. मधला माणूस खाली पडलेला, म्हणून मग दुसरा मधला माणूस.

सगळं समुपदेशन चुलीत घालून मी बोंबलले, "अरे, मला काय विचारता? उठा! स्वयंपाकघरात पळा! शेजारच्या खोलीत आहे ती!"

दोन चौकोन रिकामे झाले. एकात सत्काराचे फोटो, एकात भिंत. तिसऱ्यात पंखा. मग त्या पंख्याखाली एक डोकं आलं, मग दुसरं, दोन्ही एकमेकांवर आपटली.

"डोकं धरा! पप्पा, डोकं धरा ना तिचं!"

"पाणी आण! पाणी आण तू आधी! अगं, रक्त... प्रणू, गाडीची चावी!"

"कुठंय?"

"माझ्या पँटच्या खिशात हाय, काढ!"

दोन वर्षांनी त्या घरात बापलेक बोलले ते हे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी लॅपटॉपशी एकटीच "पाय वर करा, पाय वर करा" असं ओरडत होते. ते कुणी ऐकलं नाही, आणि त्यांची ती चूकही नव्हती.

सुरेखाताईंना नाशकात आणलं. डॉक्टर म्हणाले, अंगात रक्तच नाही, आधी रक्त चढवू, मग ऑपरेशन. बापलेक रक्ताच्या पिशव्या आणायला निघाले आणि द्वारकेला अडकले. द्वारकेच्या चौकानं आजवर कुणाचं भलं केल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पूल झाला, सिग्नल झाले, पोलीस झाले, गर्दी जिथल्या तिथं. तर त्या गर्दीत, बंद काचांच्या गाडीत, मधलं कुणी नसताना ही दोघं बसली. पुढचं प्रणालीनं मला सांगितलं.

"मग पप्पांनी काच खाली केली. म्हणाले, 'मागे पोती होती सकाळी, वास येत असेल तुला.' मी म्हटलं, कसला वास? ते म्हणाले, 'कांद्याचा. तुला आवडत नाय ना.' मी म्हटलं, कोण म्हणालं? ते म्हणाले, 'तूच तर म्हणली, लाज वाटती.' मी म्हटलं, पप्पा, मी कधी म्हटलं? तुम्हीच म्हणालात ना, यायचं नाही म्हणून. ते म्हणाले, 'मी?' मॅडम, सिग्नल सुटला होता, मागचे सगळे हॉर्न वाजवत होते, शिव्या देत होते, आणि पप्पा गाडी हलवेचनात."

चार दिवसांनी नानासाहेबांचा फोन आला. ऑपरेशन व्यवस्थित झालं, ती आता बरी शे, म्हणाले. भावना अनावर झाल्या की त्यांच्या तोंडात अहिराणी येते. मग म्हणाले, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं?"

"मला काही सांगता येणार नाही, नानासाहेब."

"म्हणजे होतं." आडत्या माणूस, न बोललेलं आधी ऐकतो. "बरं, एक करा. आम्हाला कळलंय ते तिला सांगू नका. टाके ओले हायेत अजून. लय घाबरून जाईल."

पंधरवड्यानं सुरेखाताईंचा फोन. आवाज खणखणीत, पण घाबरलेला. "मॅडम, हे स्वतःच्या हातानं चहा करून देता. प्रणू पाय दाबते. दोघं एकमेकांशी बोलता, फ्लॉवर की भेंडी इथपासून. मला कुणी काही विचारत नाही. इतकं चांगलं वागता की मला भीती वाटते. त्यांना कळलं तर नसेल ना हो?"

बघा आता. बापाचं गुपित माझ्याकडे, आईचं माझ्याकडे, आणि नियम माझ्याच तोंडाला कुलूप लावून बसलेला. दोघंही मला एकमेकांना सांगू नका म्हणून सांगत होते. दोन पदव्या घेऊन मी शेवटी आडतीच्या दुकानावर बसले होते. मी दोघांना एकच सांगितलं, रविवारी तिघं एका चौकोनात बसा. एक फोन, एक खोली. वेगवेगळे आलात तर मी बोलणार नाही.

रविवारी बसले. सुरेखाताई पलंगावर, पाठीशी उशा. एका बाजूला नवरा, एका बाजूला मुलगी. त्या छोट्या चौकोनात तीन माणसं मावत नव्हती, कुणाचा कान कापला जात होता, कुणाचा खांदा. मी नमस्कार केला आणि गप्प बसले. आमच्या धंद्यात हे सगळ्यात अवघड काम, पण मोबदला त्याचाच मिळतो.

सुरेखाताईंनी चादरीची घडी केली, उघडली, परत केली. मग खाली बघत म्हणाल्या, "प्रणू, पप्पांनी तुला खळ्यावर नको असं कधी म्हटलं नव्हतं. मी म्हटलं होतं. आणि अहो, हिला लाज वाटत नव्हती. तेही मीच. दोघांना मी खोटं सांगितलं."

नानासाहेब म्हणाले, "माहीत हाय. गोळी घेतली का?"

मला एकदम हसू फुटलं आणि मी ते खोकल्यावर निभावून नेलं. सुरेखाताई मात्र हमसून रडायला लागल्या. नानासाहेब त्यांच्या हातावर थोपटत "जाऊ दे, जाऊ दे, टाके दुखतील" असं म्हणत राहिले. माणूस धंद्यात मुरलेला. झालं गेलं, सौदा मिटला, पुढची गाडी लावा.

प्रणाली तशीच बसली होती, ताठ. "पप्पा, तुम्ही जाऊ दे म्हणा," ती म्हणाली. "मला नाही येत म्हणता. दहावीचा निकाल मी तुम्हाला मम्मीकडून सांगितला. तुम्ही पेढे आणले ते पण मम्मीनंच माझ्या हातात दिले. तुम्ही दारात उभे होता, मी तुमच्या पाया पण पडले नाही." मग आईकडे वळली. "तू मरायला निघाली होती. आम्ही बोलू नये म्हणून. मी तुला एवढ्यात माफ नाही करणार."

नानासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मॅडम, आता तुम्ही काहीतरी बोला, असं ते बघणं होतं. मी माझा माइक बंद केला आणि त्यांना दिसेल असा बंद केला.

सुरेखाताईंनी डोळे पुसले. "नको करू माफ," त्या म्हणाल्या. "पण राग आला ना, की मला सांग. पप्पांकडून निरोप नको धाडू."

"आत्ताच आलाय."

"मग बोल," सुरेखाताई म्हणाल्या. "मी ऐकते."